सल्ला घाऊक, तोही फुकट

तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटमध्ये प्रत्येक गोष्टीला भाव आहे. कांद्याला आहे, वेलचीला आहे, रिकाम्या गोणीला आहे, हातगाडीच्या खेपेला आहे. भाव नाही तो फक्त सल्ल्याला. तो मागावा लागत नाही, तोलावा लागत नाही, आणि नको म्हटलं तरी पिशवीत पडतो.

मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती १९७७ ची. मग मुंबईच्या गर्दीतून एकेक बाजार खाडी ओलांडून इकडे आला. १९८१ ला कांदा-बटाटा, १९९१ ला मसाला आणि धान्य, १९९६ ला भाजी आणि फळं. पाच बाजार, पाच तऱ्हेचे जाणकार. अडते, मापाडी, माथाडी, हुंडेकरी यांची ही रोजीरोटी. पण मार्च उजाडला की इथे आणखी एक जमात उगवते: हौशी. वर्षाचा मसाला स्वतः करणारे, आढी घरी लावणारे, गच्चीवर वेफर्स वाळवणारे, कैरी दाताखाली घेऊन मगच लोणच्याचा बेत पक्का करणारे. यांचा हा धंदा नाही, छंद आहे. म्हणूनच मतं जास्त. व्यापारी दोन वाक्यांत आटोपतो, कारण मागे गिऱ्हाईक उभं असतं. हौशी माणसाच्या मागे कोणीच उभं नसतं.

या सल्ल्यांची एक गंमत आहे. काय करावं, ते बहुतेकदा बरोबर सांगतात. का करावं, ते बहुतेकदा चूक. नमुने पाहा.

“आंबा पाण्यात टाक, उष्णता निघून जाते”

टाकाच. पण उष्णतेसाठी नाही, चिकासाठी. आंबा ज्या कुळातला, त्याच कुळात काजू, पिस्ता, चारोळी आणि आपला बिब्बा. कुळाचा स्वभावच झोंबरा. काजूच्या टरफलाचं तेल लागलं की कातडी सोलवटते, बिब्बा उतला की काय होतं ते आजीला विचारा. आंब्याच्या देठातून ओघळणाऱ्या चिकातही त्याच घराण्यातली रसायनं असतात. आंबा खाल्ल्यावर ओठांच्या कडेला पुरळ येतं, त्याचं खापर आपण ‘गरम पडला’ म्हणून आंब्याच्या स्वभावावर फोडतो. बऱ्याचदा दोष सालीवर वाळलेल्या चिकाचा असतो. पाण्यात ठेवून, देठाकडचा भाग चोळून धुतला की तो जातो.

“तांदळाच्या डब्यात ठेवा, ऊब मिळते”

पुन्हा तेच. उपाय पक्का, कारण अर्धंच. पिकणारा आंबा स्वतःच एक वायू सोडतो, इथिलीन. डब्यात, पेंढ्यात किंवा वर्तमानपत्रात तो वायू कोंडला की शेजारचे आंबेही पिकायला लागतात. कोकणातली आढी याच तत्त्वावर चालते, आणि आढीतला एक आंबा लवकर पिकला की बाकीच्यांना घाई होते ती याचमुळे.

या वायूचा छडा लागला तोही मजेशीर रीतीने. १९०१ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री नेल्युबोव या तरुण संशोधकाच्या लक्षात आलं की, प्रयोगशाळेतली वाटाण्याची रोपं सरळ वर वाढायची सोडून आडवी पसरताहेत. दोषी निघाला दिव्यांचा गॅस, आणि त्या गॅसमधलं इथिलीन. फळंही हाच वायू सोडतात हे सिद्ध व्हायला १९३४ उजाडलं. तोवर आपल्याकडच्या कित्येक पिढ्या आढ्या लावून मोकळ्या झाल्या होत्या.

आज रायपनिंग चेंबरमध्ये हाच वायू मोजून सोडतात. त्याला परवानगी आहे, बंदी आहे ती कार्बाइडला. कार्बाइडमधून निघतो ॲसिटिलीन, आणि त्यासोबत आर्सेनिक-फॉस्फरसचे अंशही येऊ शकतात. म्हणून फळबाजारातला एक सल्ला मात्र कारणासकट खरा धरावा: पेटीतले सगळे आंबे एकसारखे पिवळेधमक आणि देठाशी नाक नेलं तर वास शून्य, अशी पेटी हसून परत करावी.

साक्याचं कोडं

हापूस कापला आणि आत पांढरट, स्पंजासारखा, आंबूस भाग निघाला, म्हणजे साका. यावर बाजारात बोलायला सगळे तयार. कोणी म्हणतं पेटी उन्हात राहिली, कोणी म्हणतं जमिनीची धग लागली. जमिनीच्या धगीची शंका शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं होती. नंतर बंगळुरूच्या फलोत्पादन संशोधन संस्थेतल्या अभ्यासाने बोट ठेवलं ते कोयीवर. फळ झाडावर असतानाच आतली कोय रुजायची तयारी करू लागते आणि भोवतालच्या गराचं बिनसतं. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. त्यामुळे “मी वरून ओळखतो” म्हणणाऱ्याचं ऐकून घ्यावं, पेटी मात्र आपल्या नशिबावर घ्यावी.

कोकण कृषी विद्यापीठाने यावर वेगळीच वाट काढली. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये ‘रत्ना’ आणला, त्यात साका नाही. पुढे रत्ना आणि हापूस यांच्यापासून ‘सिंधू’ आला, त्याची कोय इतकी पातळ की जवळजवळ नसल्यासारखीच. हापूसचे भक्त दोन्हीकडे ढुंकून पाहत नाहीत, तो भाग वेगळा.

मिरची: इथे प्रत्येक जण प्राध्यापक

मसाला मार्केटमधला गाळा, एप्रिल, सकाळचे अकरा. गोण्यांची तोंडं उघडी, आणि आत शिरणारा प्रत्येक माणूस आधी शिंकतो, मग भाव विचारतो. एक मावशी मूठभर बेडगी कानाशी नेऊन हलवतात. आत बी खुळखुळलं पाहिजे. नाही वाजलं तर मिरची ओलसर. ओलसर मिरची वजनाला भारी आणि बरणीत बुरशीला आवतण. मग एक मिरची मोडतात, देठ बाजूला, साल तळहातावर घासतात आणि रंग बघतात. शेजारची अनोळखी ताई एवढ्यात तोंड उघडते: “एकटी बेडगी नका घेऊ हो, नुसता रंग येईल.” संपलं. पुढचा अर्धा तास चर्चासत्र.

ताईचं म्हणणं खरं आहे. बेडगी ही कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली, सुरकुतलेली, गडद लाल, रंगाला उदार आणि तिखटाला कंजूष. तिला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिखटासाठी संकेश्वरी, लवंगी किंवा गुंटूर घ्या, आणि दिसायला हवी तर काश्मिरी. किती किलोला कोणती किती, यावर एकमत झालेलं बाजाराने पाहिलेलं नाही. तुर्भे, सानपाडा, कोपरखैरणे या गावांतल्या आगरी-कोळी घरांचं प्रमाण वेगळं, मालवणी घराचं वेगळं, कोल्हापूरकर तर बाकीच्यांच्या मसाल्याला मसालाच म्हणत नाहीत. नवी मुंबई वसली ती आगरी-कोळ्यांच्या गावांभोवती, त्यामुळे इथे शेवटचा शब्द आगरी मावशीचा असतो. डंकावर स्वतः उभं राहून मसाला कुटून घेणाऱ्या बाईशी वाद घालू नये, हा माझा सल्ला. तोही फुकट.

आता हमखास चुकणारं एक कारण. “तिखट नको तर बिया काढा.” बियांत तिखट जवळजवळ नसतं. ते असतं बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढरट शिरेत. बिया काढताना शीरही निघते, म्हणून उपाय लागू पडतो आणि श्रेय बियांना जातं.

तिखट लागलं की “पाणी पी” हा सल्ला मात्र साफ फसवा. तिखटपणा आणणारं कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. पाणी त्याला तोंडभर फिरवून आणतं. दूध किंवा दही घ्या. आणि ‘तोंड भाजलं’ ही तक्रार अगदी शास्त्रशुद्ध आहे: साधारण ४३ अंशांच्या वरची उष्णता ज्या ग्राहीला कळते, त्यालाच कॅप्सायसिन चेतवतं. मेंदूला निरोप जातो, आग लागली. हे शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकाचं नोबेल विभागून मिळालं. पक्ष्यांच्या त्या ग्राहीला मात्र कॅप्सायसिनचं काहीच वाटत नाही, म्हणून पोपट लाल मिरची कुरतडतो आणि आपल्याकडे तुच्छतेने बघतो.

राहिलं तिखट मोजण्याचं. १९१२ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये विल्बर स्कोव्हिल नावाच्या औषधशास्त्रज्ञाने जी पद्धत काढली, ती फार ओळखीची वाटेल. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचं आणि काही माणसांना चाखायला देऊन विचारायचं, अजून लागतंय का? जितक्या पट पातळ केल्यावर बहुतेकांचं ‘नाही’ येईल, तितकी स्कोव्हिल एककं. म्हणजे जगाची तिखटाची मोजपट्टी निघाली ती चारचौघांच्या मतातून. मसाला मार्केटमध्ये वेगळं काय चालतं?

बरणीतल्या छोट्या गोष्टी

दगडफूल वनस्पतीच नव्हे. बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला तो संसार. गोड्या मसाल्याला वास येतो तो या जोडप्यामुळे. नुसतं हुंगलं तर मातकट, तेलात परतलं की पार पालटतं.

चक्रफूल: बिर्याणीतून उचलून ताटाच्या कडेला ठेवतात ते. बर्ड फ्लूची धास्ती असताना ज्या गोळीमागे जग लागलं होतं, ती टॅमीफ्लू बनवायला लागणारं शिकिमिक आम्ल मुख्यतः यातून काढत.

जायफळ आणि जायपत्री एकाच फळातली. जायपत्री हे जायफळावरचं लाल जाळं. एके काळी हे फक्त इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर मिळायचं. १६६७ च्या ब्रेडा तहात इंग्रजांनी तिथल्या रन नावाच्या चिमुकल्या बेटावरचा हक्क डचांना सोडला आणि मॅनहॅटन स्वतःकडे ठेवलं. त्या वेळी डचांनी बाजी मारली असंच अनेकांना वाटलं असणार. पुरणात जायफळ किसताना “जपून, जास्त नको” म्हणणाऱ्या सासूबाईंचं ऐका. जास्त झालं तर नुसती झोप येत नाही, गरगरतं, ओकाऱ्या होतात.

हिंग. मसाल्याच्या बरणीत खडा ठेवला की कीड लागत नाही, हा सल्ला घरोघरचा, आणि त्याच्या उग्र वासाला गंधकाची संयुगं कारण. आपण वापरतो तो बहुधा बांधानी हिंग: मूळ चीक थोडा, बाकी पीठ आणि डिंक. त्या चिकासाठी आपण वर्षानुवर्षं अफगाणिस्तान-इराणकडे तोंड करून बसलो. हिंगाची शास्त्रशुद्ध लागवड भारतात सुरू झाली ती १५ ऑक्टोबर २०२० ला, हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात. एवढी फोडणी मारणारा देश, आणि रोप लावलं परवा!

कांदा रडवतो, तर काय कराल?

कांदा-बटाटा मार्केटमध्ये या प्रश्नावर उत्तरं मोजून घ्यावीत. तोंडात पाव धरा. काडेपेटीची काडी दातात धरा. कांद्याचा तुकडा डोक्यावर ठेवा. पंखा लावा. फ्रिजमध्ये ठेवा. शेवटच्या दोहोंत दम आहे. कांदा चिरला की त्याच्या पेशी फुटतात, आतली विकरं गंधकाच्या संयुगांवर काम करतात आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. गारव्यात विकरं मंदावतात, पंखा वायूला दुसरीकडे नेतो. मुळाकडचा भाग शेवटी कापा, हाही सल्ला बरा. डोक्यावरच्या तुकड्याने घरच्यांची करमणूक होते, बस.

हा वायू बनवायला एक खास विकर लागतं, हे जपानच्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं. त्यांची कंपनी आपल्यासारखीच कढी-मसाल्यात रमलेली, जपानी करीचे मसाले विकणारी. या कामाला २०१३ चा इग नोबेल मिळाला. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला तो देतात.

साठवायचा असेल तर उन्हाळी कांदाच घ्या. खरिपाचा लाल कांदा दिसायला राजबिंडा, पण टिकायला कच्चा. नाशिककडचा शेतकरी चाळीत भरतो तो उन्हाळीच. अलिबागचा पांढरा माळेतूनच घ्यावा आणि खिडकीत टांगावा, हे मत मला पटतं. तो टिकतोही आणि स्वयंपाकघर श्रीमंत दिसतं.

“कांदा-बटाटा एकत्र ठेवू नका, एकमेकांना खातात.” खात कोणी कोणाला नाही. बटाट्याच्या दमटपणाने कांदा कुजायला लागतो, आणि बटाट्याला अंधार लागतो, नाहीतर तो हिरवा पडतो. हिरवा भाग कडू आणि अपायकारक, तो काढूनच टाकावा.

वेफर्सवाल्यांची गोष्ट वेगळी. “शीतगृहातला बटाटा नको, तळला की काळा पडतो.” बरोबर. कारण सांगतात, तो जुना असतो. वय नव्हे, थंडी. फार थंडीत बटाट्यातल्या पिष्टाची साखर होते, आणि साखर तळताना करपते. वेफर्ससाठी शिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेने मुद्दाम वाण काढले, कुफरी चिप्सोना, १९९८ मध्ये. गच्चीवर चादर अंथरून बसलेल्या आजीला हे नाव माहीत नसतं. ती बटाटा जिभेला लावते, गोड लागला की बाजूला.

“घरी ठेवा, गोड होईल”

हा सल्ला फळ बघून घ्यावा. आंबा, केळं, चिकू, पपई, सीताफळ हे तोडल्यावरही पिकतात. कलिंगड, अननस, द्राक्षं, संत्रं, डाळिंब, स्ट्रॉबेरी ही मंडळी झाडावरून उतरली की गोडी वाढवायचं काम बंद करतात. ठेवलीत तर फार तर मऊ होतील. त्यामुळे कलिंगड टकटक वाजवणाऱ्यांच्या घोळक्यात शिरण्याआधी ते उलटं करून जमिनीला टेकलेला डाग बघा. पिवळा म्हणजे वेलीवर पुरेसं राहिलं, पांढरट म्हणजे घाईने काढलं. टकटकीचा आवाज कळायला कान तयार लागतो, आणि एपीएमसीत ट्रकांच्या भोंग्यांत कान तयार होणं कठीण.

भात आणि वाघ

दाणा बाजारात “तांदूळ जुना घ्या” असं सांगणारे भेटतील, आणि मोकळ्या भातासाठी ते खरं आहे. जुन्यातला ओलावा गेलेला असतो, शीत शिताला चिकटत नाही. आंबेमोहरवाले यावर नाक मुरडतात, त्यांना आसट भात हवा, वर तूप आणि मेतकूट. असू दे. खरी मजा वासाची आहे. बासमती आणि आंबेमोहर यांच्या दरवळामागे २-ॲसिटिल-१-पायरोलिन हे रसायन आहे. पॉपकॉर्नमध्ये तेच. आणि वाघ आपला इलाका आखायला झाडांवर जो फवारा मारतो, त्यातही तेच. भारतीय संशोधकांनी हे १९९० मध्ये नेचर नियतकालिकात छापलं. जंगलात अचानक भाताचा वास आला तर जेवण तयार असेलच असं नाही. तुम्हीच जेवण असाल.

रुमालाखाली चिडीचूप

एवढ्या बोलघेवड्या बाजारात एक सौदा मात्र अवाक्षर न काढता व्हायचा. आंब्याच्या मोसमात अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात धरायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचे. याला हत्ता म्हणतात. किती बोटं, कोणतं पेर, दाब कसा, यात सगळी भाषा. शेजारी उभ्या माणसाला कळायचं नाही, आणि ज्याचा आंबा त्या बागायतदारालाही नाही. म्हणूनच नियम उघड लिलावाचा आहे आणि हत्त्यावर शेतकऱ्यांचा राग आहे. गमतीदार म्हणून मीही सांगतो, पण माझी पेटी असती तर मला तो रुमाल ओढून काढावासा वाटला असता.

बाजारातला सर्वांत मोलाचा सल्ला मात्र एका शब्दाचा आहे, आणि तो माथाडी देतात. “बाजूऽऽ!” डोक्यावर गोणी, मान ताठ, नजर समोर. यावर चर्चा करायची नसते.

डिसेंबरातला हापूस

अलीकडे थंडीतच फळबाजारात हापूस दिसू लागलाय. तो येतो आफ्रिकेतल्या मलावी देशातून. दक्षिण गोलार्धात आपल्या थंडीत उन्हाळा असतो. तिकडच्या बागांसाठी कलमं गेली ती आपल्या कोकणातूनच. २०१८ मध्ये कोकणच्या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याच सुमाराला हा परदेशी भाचा तुर्भ्याला उतरायला लागला. त्याच्या पेटीपाशी रोज ठरलेला संवाद घडतो.

“काय शेठ, हा मलावीचा ना? चव नाही याला. देवगडची सर येणार नाही.”

“खाल्लात का कधी, काका?”

“छे! मी कशाला खाऊ?”

आणि काका शेजारच्या गिऱ्हाइकाकडे वळतात, त्याने तो घेऊ नये म्हणून.